अलास्का हायवे, 1942 : आठ महिन्यांत नेमकं काय बांधलं होतं?

मोजपट्टी

कॅनडातून अलास्काला जाणार्‍या अलास्का हायवेचं नाव निघालं की एक वाक्य हमखास येतं : अमेरिकन लष्कराने 1942 साली आठ महिन्यांत दीड हजार मैलांचा रस्ता बांधला. यातली तारीख बरोबर, लांबी जवळपास बरोबर, घोळ आहे तो ‘रस्ता’ या शब्दात. आठ महिन्यांत झाली ती लष्करी ट्रक कसाबसा जाईल अशी वाट. आपल्याकडचा पीडब्ल्यूडीचा माणूस तिला कच्चा रस्ता म्हणायलाही कुरकुरला असता. रस्ता व्हायला 1943 साल लागलं आणि काही पट्ट्यांत तो अजून होतोच आहे. त्या वाटेखाली नक्की काय घातलं आणि ते का खचलं, यावर बोलायला हा धागा.

आधी चौकट मांडतो. 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बर झालं. अलास्काला जमिनीवरून जायला रस्ताच नव्हता. सगळा माल समुद्रातून जायचा आणि समुद्रात जपानी आरमार. 11 फेब्रुवारी 1942 ला रूझवेल्टने मंजुरी दिली. मार्चमध्ये कॅनडाशी करार झाला : जमीन कॅनडाची, खर्च अमेरिकेचा, लढाई संपल्यावर सहा महिन्यांनी कॅनडातला भाग कॅनडाच्या ताब्यात. कामाची सुरुवात 8 मार्च 1942. दक्षिणेचं आणि उत्तरेचं काम बीव्हर क्रीकपाशी जुळलं ते ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि क्लुआनी तलावाकाठी सोल्जर्स समिट या जागी फीत कापली 20 नोव्हेंबरला. मार्च ते नोव्हेंबर मोजले की आठ महिने बारा दिवस भरतात. पहिल्या टप्प्याचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल विल्यम होग. पुढे दक्षिण भाग कर्नल जेम्स ओ’कॉनर यांच्याकडे गेला.

सात इंजिनिअर रेजिमेंटा, दहा-अकरा हजार सैनिक. वाटणी ढोबळमानाने अशी : 341वी फोर्ट सेंट जॉनहून उत्तरेला, मागून 95वी. 35वी फोर्ट नेल्सनहून पश्चिमेला. 340वी टेस्लिनकडून वॉटसन लेककडे, तिला वाट करून द्यायला 93वी कारक्रॉसहून. 18वी व्हाइटहॉर्सहून वायव्येला. आणि 97वी वाल्डेझ बंदरात उतरून, अलास्कातून खाली सरहद्दीकडे.

गावकूस

मार्गाबद्दल एक शंका. नकाशात किनार्‍याकडचा रस्ता जवळचा दिसतो. मग प्रेअरीतून, म्हणजे आतल्या गवताळ मैदानांकडून, एवढा वळसा कशाला? आणि रस्ता मुद्दाम नागमोडी ठेवला, म्हणजे जपानी विमानांना सरळ रेषेत गोळ्या झाडता येऊ नयेत, असं बर्‍याच ठिकाणी वाचलंय. खरं आहे का?

मोजपट्टी

चार मार्ग चर्चेत होते, त्यांना ए, बी, सी, डी अशीच नावं होती. ए प्रिन्स जॉर्जहून किनार्‍याला धरून. बर्फ भरपूर आणि समुद्राकडून हल्ल्याची भीती. बी रॉकी माउंटन ट्रेंच या लांबलचक दरीतून डॉसन सिटीकडे. भूगोल बरा, पण वाटेत एकही विमानतळ नाही. डी मॅकेन्झी नदीच्या खोर्‍यातून, फारच लांब. सी निवडला कारण विमानतळ आधीपासून त्याच रेषेवर होते : फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स, पुढे नॉर्थवे. आधी धावपट्ट्या, मग त्या धावपट्ट्यांना इंधन आणि माल पोचवायला रस्ता, असा हा उलटा क्रम आहे. याच हवाई मार्गाने जवळजवळ 8,000 विमानं फेअरबँक्सला नेऊन सोव्हिएत वैमानिकांच्या हवाली केली गेली. शिवाय सी मार्गाच्या टोकाला डॉसन क्रीकमध्ये रेल्वे होती. रेल्वे नसती तर बुलडोझर आणणार कशावरून?

(डॉसन सिटी आणि डॉसन क्रीक वेगळी. पहिलं कॅनडाच्या युकॉन भागातलं सोन्याचं गाव, दुसरं ब्रिटिश कोलंबियातलं रेल्वेचं टोक. दर वेळी कुणीतरी गफलत करतंच.)

नागमोडीची गोष्ट दंतकथा आहे. सर्व्हेची तुकडी बुलडोझरच्या पुढे फार तर काही मैल असायची. कधी कधी झाडाच्या शेंड्यावर चढून समोरची उंच जागा बघायची आणि बोट दाखवायचं, एवढाच सर्व्हे. दलदल दिसली की टाळायची, कोरडा उंचवटा धरायचा, कातळ फोडायला वेळ नाही म्हणून त्याला वळसा. अशी रेषा आखली तर ती सरळ येईलच कशी?

खडीफोड्या

कामाची पद्धत समजल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही, म्हणून क्रमाने.

1. पुढची तुकडी मध्यरेषा झाडांवर खुणा करून दाखवते.
2. एक जड बुलडोझर, बहुतेक डी-8, त्या रेषेवरून सरळ घुसतो. स्प्रूसच्या झाडांची मुळं तिथे उथळ असतात, कारण खाली गोठलेली जमीन. पातं जरा उंच धरून खोडाला रेटा दिला की झाड मुळासकट आडवं होतं.
3. मागचे बुलडोझर आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे झाडं ढकलत पट्टा रुंद करतात, साधारण 60 ते 100 फूट. झाडं कडेला रचतात.
4. त्यामागे हलके ट्रॅक्टर आणि मोर्‍या घालणारी टोळी. मोरी म्हणजे पाणी रस्त्याखालून जायला ओंडक्यांची पेटी : दोन बाजूंना ओंडके रचायचे, वर आडवे टाकायचे, वर माती. लोखंडी पाइप क्वचितच.
5. शेवटी ग्रेडर (पृष्ठभाग सपाट करणारं यंत्र), चर, आणि जिथे मिळेल तिथे नदीपात्रातली गोटी-रेती.

या साखळीत सगळ्यात पुढचा बुलडोझर बंद पडला की मागचे दोन-तीन मैल थांबतात. म्हणून पुढे नेहमी सगळ्यात चांगलं यंत्र आणि सगळ्यात तयार ड्रायव्हर. हवामान आणि जमीन साथ देत असेल तेव्हा रोज दोन-तीन मैल निघायचे. मे-जूनमध्ये पाऊस आणि वितळलेला चिखल यांत काही रेजिमेंटांचं काम जवळपास ठप्प होतं, म्हणजे आठ महिन्यांतला खरा कामाचा काळ त्याहून कमी.

35व्या रेजिमेंटचं नियोजन बघण्यासारखं आहे. तिला फोर्ट नेल्सनहून काम सुरू करायचं होतं आणि तिथवर उन्हाळ्यात रस्ताच नाही. म्हणून मार्चमध्येच, पीस नदी गोठलेली असताना, बर्फावर लाकडाचा भुसा आणि फळ्या टाकून सगळी यंत्रं पलीकडे नेली. भुशाने ऊन अडतं आणि बर्फ वितळायला उशीर होतो, फळ्यांनी वजन पसरतं. मग गोठलेल्या जंगलवाटेने चारशेएक किलोमीटर. बर्फ फुटण्याआधी पोचले नसते तर ती रेजिमेंट जूनपर्यंत हातावर हात ठेवून बसली असती.

पाणकळा

तिकडच्या जमिनीला मस्केग म्हणतात असं वाचलंय, म्हणजे दलदलच ना? मग त्यात ओंडके टाकून रस्ता कसा टिकतो? कुजत नाहीत?

खडीफोड्या

मस्केग म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि पाण्याचा थर, कुठे हातभर तर कुठे दोन पुरुष खोल. वरून गवत दिसतं, पाय ठेवला की स्पंजसारखं दबतं. मार्ग दोनच. थर उथळ असेल तर उकरून खालची घट्ट माती गाठायची आणि चांगला भराव घालायचा. खोल असेल तर त्याच्यावर तरंगायचं.

तरंगायच्या पद्धतीला कॉर्डुरॉय म्हणतात, त्या उभ्या रेघांच्या कापडावरून. आधी फांद्या-झुडपांची गादी. तिच्यावर रस्त्याच्या दिशेने काही लांब ओंडके. त्यांच्यावर आडवे ओंडके एकमेकांना चिकटून, रस्त्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे थोडे जास्त लांब. मग माती-गोटी. कुठे कुठे थरावर थर चढवावे लागले, कारण पहिला थर ट्रकच्या वजनाने खाली गेला. तीन चुका नेहमी होतात : ओंडके कमी-जास्त जाडीचे घेतले तर चाक जाड ओंडक्यावर आपटतं आणि बारीक तुटतो, वर माती पुरेशी नसली तर ओंडके सुटे होऊन फिरतात, आणि कडेला चर खणला तर सगळी गादी त्या चराकडे सरकते. तिसरी चूक सगळ्यात महाग, कारण रस्ता कोरडा ठेवायला चर खणावा हे आपण पहिल्या दिवशी शिकलेलो असतो. इथे तोच धडा उलटा पडतो.

कुजण्याबद्दल : पाण्यात पूर्ण बुडालेलं लाकूड हवा न लागल्याने वर्षानुवर्षं टिकतं. कुजतो तो वरचा थर, जो कधी ओला कधी कोरडा होतो. म्हणून कॉर्डुरॉय मातीखाली आणि पाण्याच्या पातळीखाली गेला की सुरक्षित, अर्धा बाहेर राहिला की काही वर्षांत भुसा.

उत्तरायण

मस्केग हा दक्षिणेकडचा त्रास. खरी फजिती व्हाइटहॉर्सच्या पुढे, 18व्या आणि 97व्या रेजिमेंटची. तिथे पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षभर गोठलेली जमीन, आणि तिच्यावर रस्ता कसा करायचा याचा अनुभव लष्कराकडे नव्हता.

जमिनीचा काप डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर वीतभर-हातभर शेवाळ आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेला पालापाचोळा. त्याखाली उन्हाळ्यात वितळणारा आणि हिवाळ्यात गोठणारा पातळ थर. त्याखाली कायम गोठलेली बारीक गाळमाती, आणि त्या मातीत बर्फाचे नुसते पातळ पापुद्रे नाहीत, अख्ख्या लाद्या. काही ठिकाणी मातीपेक्षा बर्फ जास्त. शेवाळाचा थर म्हणजे या सगळ्यावरची गोधडी.

आता लष्कराने दक्षिणेत केलं तेच केलं : बुलडोझरने शेवाळासकट सगळं खरवडून काळी माती उघडी पाडली. जून-जुलैत तिथे सूर्य जेमतेम मावळतो. काळी माती तापली, खालचा बर्फ वितळायला लागला. वितळलेलं पाणी खाली मुरू शकत नाही कारण खाली बर्फच. कडेला जाऊ शकत नाही कारण पट्टा आता आजूबाजूपेक्षा खाली गेलाय. मग ती माती पिठल्यासारखी होते. त्यात ट्रक रुतले, ट्रक काढायला आलेले बुलडोझर रुतले. जितकं जास्त खरवडावं तितकं जास्त वितळतं. चिखल काढून टाकावा ही साहजिक प्रतिक्रिया इथे घातक आहे.

उपाय कामावरच सापडला. झाडं हाताने, कुर्‍हाडीने कापायची. शेवाळाला हात लावायचा नाही, त्यावरून यंत्र न्यायचं नाही. कापलेली झुडपं आणि ओंडके त्याच शेवाळावर पसरायचे, म्हणजे गोधडीवर आणखी एक गोधडी. मग तयार झालेल्या टोकावरून ट्रकने भराव पुढे ओतायचा आणि बुलडोझरने तो पुढे पसरायचा. यंत्राची चेन नेहमी नव्या भरावावर, कधीही उघड्या जमिनीवर नाही. वेग घटला, पण रस्ता जागेवर राहिला. आजही तिथल्या भरावाचा पहिला नियम हाच आहे.

गावकूस

हे फारच नीट समजलं. म्हणजे भराव जितका जाड तितका चांगला?

उत्तरायण

अर्धं बरोबर. जाड भराव मध्यभागी छान काम करतो, बिघडतं ते कडेला. हिवाळ्यात बर्फ हटवणार्‍या यंत्राने रस्त्यावरचं बर्फ साइडपट्टीवर आणि उतारावर ढकललं जातं. मऊ बर्फ हे उत्तम पांघरूण, त्यामुळे उणे 40 ची थंडी त्या उतारात शिरतच नाही. उन्हाळ्यात मात्र तोच उतार ऊन खातो. म्हणजे वर्षभराच्या हिशोबात भरावाचा पाया कडेला गरम होत जातो, तिथलं बर्फ वितळतं, आणि भराव बाहेरच्या बाजूला कलंडतो. साइडपट्टीला समांतर लांबच लांब भेगा दिसल्या की समजायचं. जितका उंच भराव तितका मोठा उतार, तितका जास्त बर्फ साठणार. म्हणून नुसती उंची वाढवून सुटका नाही.

मोरीचीही तीच गत. उन्हाळ्यात तिच्यातून वाहणारं पाणी उष्णता आत नेतं, खालची जमीन वितळते, मोरी मधोमध खचते, मग पाणी मागे तुंबतं, तुंबलेलं पाणी आणखी वितळवतं. हिवाळ्यात उलट त्रास : झर्‍याचं पाणी थराथराने गोठत मोरी बुजवतं आणि मग रस्त्यावरच बर्फाची लादी चढते. वाफेचा पाइप घालून मोरी मोकळी करावी लागते, आणि ते एकदा करून भागत नाही.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. रस्ता खचला तर तो वितळण्याचा प्रकार. रस्ता फुगला तर गोठण्याचा : गाळमाती खालून पाणी ओढून घेते आणि बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात. दोन्हींचे उपाय वेगळे, पण गाडीतून जाताना दोन्ही सारखेच आदळतात.

तराफा

पुलांबद्दल कुणीच बोललं नाही.

वाट झाली तरी नद्या होत्याच. सुरुवातीला फेरी, तराफे, लाकडी ठोकळ्यांचे पूल. 14 मे 1942 ला चार्ली लेकवर पॉन्टून (पोकळ तरंगते होडगे) जोडून केलेल्या तराफ्यावरून माणसं आणि यंत्रसामग्री नेताना तो पाण्यात गेला आणि 12 सैनिक बुडाले. काठावर राहणार्‍या आणि सापळे लावून शिकार करणार्‍या एकाने होडी घालून पाच जणांना वाचवलं. वारा सुटला की अशा रुंद तलावावर लाटा पटकन उठतात आणि वरून जड झालेला तराफा एका बाजूला कलला की सावरत नाही. या रस्त्याच्या बांधकामातली ही एका वेळची सगळ्यात मोठी जीवितहानी.

सिकानी चीफ नदीवरचा लाकडी पूल 95व्या रेजिमेंटने 84 तासांत उभा केला. गार पाण्यात उभं राहून, रात्री ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात, बरंचसं काम करवती-कुर्‍हाडींनी. जड यंत्रं वाटताना कृष्णवर्णीय रेजिमेंटांचा नंबर शेवटी लागायचा, हेही त्यामागे आहे.

पक्के पूल 1943 मध्ये अमेरिकेच्या पब्लिक रोड्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने कंत्राटदारांकडून करून घेतले. एकूण 133 पूल आणि 8,000 च्या वर मोर्‍या असा आकडा सांगितला जातो. त्यांतले तीन लक्षात ठेवा.

किस्काटिनॉ : लाकडी आणि वळणदार. दरीतल्या जागेमुळे पूलच नऊ अंशांच्या वळणावर बांधला. 1978 मध्ये मुख्य रस्ता बाजूने नेला, कारण आधुनिक ट्रकची वजनं त्याच्या आवाक्याबाहेर गेली.

लिअर्ड : झुलता पूल, अजून वापरात. या रस्त्यावर उरलेला असा एकुलता एक.

पीस नदी, टेलर गावाजवळ : हाही झुलता, 2,130 फूट, ऑगस्ट 1943 मध्ये खुला. 16 ऑक्टोबर 1957 ला कोसळला. पोलादात किंवा केबलमध्ये खोट नव्हती. उत्तरेकडचा अँकर, म्हणजे केबलची टोकं ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यात पुरलेली असतात तो, शेल खडकावर बसवला होता. शेल पाणी प्यायला की थर थरावर घसरतो. ठोकळा नदीकडे सरकला, केबल सैल पडली, पुलाचा तो भाग खाली आला. वाहतूक आधीच बंद केली होती म्हणून कुणी मेलं नाही, आणि काठावर माणसं बघत उभी होती म्हणून फोटोही आहेत. नवा पूल होईपर्यंत गाड्या शेजारच्या रेल्वे पुलावरून सोडल्या. नवा 1960 मध्ये झाला, या वेळी झुलता नाही.

खडीफोड्या

पीस पुलाच्या बाबतीत एक भर. झुलत्या पुलात सगळं ओझं शेवटी त्या दोन ठोकळ्यांवर येतं. साध्या गर्डरच्या (आडव्या तुळयांच्या) पुलात एक पाया दोन इंच हलला तर दुरुस्ती निघते. झुलत्यात अँकर हलला तर केबलची लांबीच बदलते आणि अख्ख्या पुलाचा आकार बिघडतो. घाईच्या काळात खडकाची पुरेशी तपासणी झाली नाही, असं माझं मत.

वरच्या भागात, क्लुआनीच्या पुढे डॉन्जेक आणि व्हाइट नदीवर त्रास वेगळा. हिमनदीतून निघालेल्या नद्या, पात्र किलोमीटरभर रुंद आणि त्यात दहा प्रवाह. आज जिथे पूल बांधला तिथून प्रवाह पुढच्या महिन्यात सरकतो. पाणी दुपारनंतर वाढतं, कारण दिवसाच्या उन्हाने बर्फ वितळतं, म्हणून ओलांडायचं तर पहाटे. लाकडी खांबांना वसंतात बर्फाचे तुकडे येऊन धडकतात. लष्कराचे बरेच लाकडी पूल असेच गेले.

पाणकळा

थंडीत यंत्रं कशी चालवायचे?

खडीफोड्या

बंदच करायची नाहीत. रात्रभर इंजिन चालू. बंद पडलंच तर तेल डांबरासारखं घट्ट होतं, मग तेलाच्या टाकीखाली आग पेटवून गरम करायचं. उणे 40 च्या खाली साधं पोलाद ठिसूळ होतं : ट्रकच्या स्प्रिंग, बुलडोझरच्या पात्याचे हात काचेसारखे तुटतात. सुटे भाग येणार डॉसन क्रीकच्या रेल्वेने, नाहीतर स्कॅगवेहून व्हाइट पासच्या अरुंद रेल्वेने 110 मैल. त्यामुळे मोडलेलं एक यंत्र कापून दुसर्‍याला जोडणं हाच मुख्य उद्योग.

याच भागातल्या स्नॅग धावपट्टीवर 3 फेब्रुवारी 1947 ला उणे 63 अंश सेल्सिअसची नोंद झाली. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा हा नीचांक.

मोजपट्टी

रेजिमेंटांचा विषय वर ओझरता आला, जरा नीट मांडतो. 93वी, 95वी आणि 97वी या कृष्णवर्णीय सैनिकांच्या, अधिकारी गोरे. एकूण फौजेतला साधारण एक तृतीयांश वाटा यांचा. अलास्कातले सेनाप्रमुख सायमन बक्नर यांचा त्यांना तिथे पाठवायलाच विरोध होता. पाठवलं तेव्हा गावांपासून लांब ठेवलं. ऑक्टोबर 1942 मध्ये बीव्हर क्रीकपाशी दोन्ही बाजूंची कामं जुळली तेव्हा उत्तरेकडून आलेल्या बुलडोझरवर 97व्या रेजिमेंटचे कॉर्पोरल रेफाइन्स सिम्स, दक्षिणेकडून 18व्या रेजिमेंटचे प्रायव्हेट आल्फ्रेड जालुफ्का. समोरची झाडं आपल्याच दिशेने पडताना दिसली म्हणून सिम्स थांबले, अशी हकिगत आहे. दोघांचा हात मिळवतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. अलास्कातल्या गर्स्टल नदीवरच्या पुलाला 1993 मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मरणार्थ नाव दिलं आणि 2017 पासून तिथे 25 ऑक्टोबर त्यांच्या कामाचा दिवस म्हणून पाळतात. म्हणजे अर्धशतक उलटल्यावर.

निवडुंग

आणि ज्यांची जमीन होती त्यांचं काय? वाटाडे स्थानिक आदिवासींपैकीच होते. सर्व्हेच्या तुकड्यांनी बर्‍याच ठिकाणी त्यांच्याच जुन्या पायवाटा धरल्या. रस्त्याबरोबर गोवर, आमांश, कावीळ, डांग्या खोकला आले. 1942-43 च्या हिवाळ्यात टेस्लिनसारख्या वस्तीत एकामागून एक साथी आल्या. रस्त्याने आलेली माणसं बेसुमार शिकार करू लागली म्हणून 1943 मध्ये क्लुआनी भागात शिकारबंदी लागू केली, आणि ती लागली पिढ्यान्‌पिढ्या तिथेच शिकार करणार्‍यांनाही. धागा तांत्रिक आहे हे मान्य, पण ‘निर्जन प्रदेशातून रस्ता’ हे वाक्य कुणी लिहू नये म्हणून.

मोजपट्टी

निवडुंग, +1. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

गावकूस

1942 च्याच डिसेंबरमध्ये आपल्या आसामात लेडोहून चीनला जाणार्‍या रस्त्याचं काम सुरू झालं ना? तीच माणसं?

मोजपट्टी

तेच खातं, अमेरिकन लष्कराचे इंजिनिअर, आणि तिथेही कृष्णवर्णीय सैनिकच बहुसंख्य, जोडीला हजारो भारतीय, चिनी आणि ब्रह्मी मजूर. पहिला ताफा 12 जानेवारी 1945 ला लेडोहून निघून 4 फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. तिथे शत्रू म्हणजे पावसाळा आणि दरडी, इथे बर्फ. लेडोचा बराचसा भाग नंतर जंगलाने गिळला. अलास्काचा टिकला याचं कारण अभियांत्रिकी नव्हे : 1 एप्रिल 1946 ला कॅनडाच्या सैन्याने तो ताब्यात घेतला आणि 1964 पर्यंत रोज त्याची देखभाल केली. रोजचा ग्रेडर फिरला नसता तर पाच वर्षांत त्यावर विलोची झुडपं उगवली असती. लेडोवर सविस्तर वेगळा धागा काढा कुणीतरी.

उत्तरायण

सध्याचं सांगतो, कारण तिथे गाडी नेणारे आपले लोकही बरेच आहेत.

युकॉनमध्ये बहुतेक ठिकाणी जाड डांबरी काँक्रीट नाही. तिथे डांबराचं इमल्शन फवारून वर खडी पसरून दाबतात. कारण साधं आहे : खालची जमीन हलणारच आहे, मग महागडा थर घालून तो तडकलेला बघण्यापेक्षा स्वस्त थर उकरून, भराव सारखा करून पुन्हा घालणं परवडतं. नवीन थरावर सुटी खडी असते, समोरच्या ट्रकपासून अंतर ठेवा, नाहीतर काच गेलीच. छोटे लाल किंवा नारिंगी झेंडे कडेला दिसले तर पुढे रस्ता खचलाय किंवा फुगलाय. भेगा रस्त्याला आडव्या असतील तर वेग कमी केला की भागतं. साइडपट्टीला समांतर असतील तर कडेला गाडी उभी करू नका.

हेन्स जंक्शन ते अलास्काची सरहद्द हा पट्टा सगळ्यात वाईट. तो सुधारायला 1977 मध्ये अमेरिका-कॅनडा करार झाला, शॅकवाक प्रकल्प : जमीन कॅनडात, पैसे मुख्यतः अमेरिकेचे, कारण ती वाहतूक मुख्यतः अलास्काची. बीव्हर क्रीकजवळ 2008 पासून एक चाचणीचा पट्टा आहे, बारा वेगवेगळे तुकडे. एकात भराव मोठ्या दगडांचा : हिवाळ्यात गार हवा फटींतून खाली उतरते, गरम वर जाते, जमीन आपोआप गारठते, उन्हाळ्यात गरम हवा वरच राहते आणि चक्र थांबतं. एकात उतारावर छपरं, म्हणजे बर्फ उताराला टेकत नाही आणि सावलीही मिळते. एकात फिकट रंगाची खडी. एकात फक्त उतारावरचं बर्फ काढून टाकायचं. दगडांच्या भरावात एक मेख आहे : फटींत बारीक माती गेली की हवा फिरायची थांबते, म्हणून दगड चाळूनच घ्यावे लागतात आणि तसा दगड जवळपास नसेल तर खर्च कुठल्या कुठे.

तराफा

शेवटचा घोळ मैलांचा. डेल्टा जंक्शनला 1,422 मैलाचा खांब आहे, आणि गाडीचा आकडा भलतंच दाखवतो. फेअरबँक्सपर्यंत 1,520 लिहिलेलंही वाचलं.

मोजपट्टी

1,520 मध्ये डेल्टा ते फेअरबँक्स हा रिचर्डसन हायवे धरलाय, तो आधीपासून होता. अलास्का हायवे डेल्टालाच संपतो.

1,422 हा 1940 च्या दशकातला आकडा. नंतर वळणं सरळ केली तसं अंतर घटलं, पण जुने मैल ही गावांची नावंच झाली होती. हॉटेलांचे पत्ते त्यावर. म्हणून ‘ऐतिहासिक मैल’ म्हणून ते पाट्यांवर राहिले. डॉसन क्रीकपासून आज गाडीने मोजलं तर साधारण असं येतं :

फोर्ट नेल्सन : जुना मैल 300, आज 283
वॉटसन लेक : 635, आज 613
व्हाइटहॉर्स : 918, आज 887
अलास्काची सरहद्द : 1,222, आज 1,187
डेल्टा जंक्शन : 1,422, आज 1,387

वजाबाकी करून बघा : 17, 22, 31, 35, 35. सरहद्दीनंतर फरक वाढत नाही, कारण अलास्काने आपले खांब 1,222 पासूनच पुढे मोजलेत आणि कॅनडात घटलेले 35 मैल हिशोबात घेतलेच नाहीत. कॅनडातल्या खांबांवर 1970 च्या दशकापासून किलोमीटर आहेत. तेव्हा पेट्रोलचा हिशोब खांबावरून करू नका. सरहद्दीच्या अलीकडे किलोमीटर, पलीकडे मैल, आणि तेही 1940 च्या दशकातले.